घर राखणारे हात

घर बांधण्यासाठी मुहूर्त काढला जातो. पायाभरणी होते, वास्तुप्रवेश होतो, आप्तेष्ट येतात, जेवून जातात आणि घराचे कौतुक करतात. घर राखण्याला मात्र मुहूर्त नसतो. थेंबथेंब गळणारी तोटी, पावसात फुगून बसलेले दार, भिंतीवर उमटलेली ओल, सैल झालेली खुंटी, बागेतील वाळलेला वाफा ही कामे वर्षभर एकामागून एक पुढे येत राहतात. त्यांचे कोणी कौतुक करीत नाही, किंबहुना ती झाली आहेत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. ती न झाली तरच लक्षात येतात. म्हणूनच घरातील किरकोळ दुरुस्ती हा विषय क्षुल्लक मानला जातो. परंतु घर आणि घरातील माणसे यांचे नाते किती जिवंत आहे, याची खरी परीक्षा याच किरकोळ कामांत होते.

पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवण मागे टाकून इंदापूरच्या दिशेने निघाले की डाळज लागते. बोलण्यात नाव एकच असले तरी नोंदींत डाळज नंबर एक, दोन आणि तीन अशी गावे आहेत. एका अंगाला रात्रंदिवस वाहणारा महामार्ग आणि दुसऱ्या अंगाला भीमेवरील उजनी जलाशयाचा फुगवटा, अशी या परिसराची ठेवण आहे. मूळ प्रदेश पर्जन्यछायेचा, आभाळाकडे डोळे लावून बसणारा. आता शिवारात ऊस उभा आहे आणि हिवाळ्यात फुगवट्याच्या उथळ पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ज्या गावांनी पाण्याचा अभाव पाहिला आणि पाण्याचा पूरही पाहिला, त्या गावांना घर राखणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. जलाशयाला यशवंतसागर असे नाव मिळाले. पाणी चढले तशी भीमाकाठची अनेक गावठाणे त्याखाली गेली. डाळजच्या शेजारच्या पळसदेवचे प्राचीन दगडी मंदिर आजही उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात. मंदिर जागेवरच राहिले, कारण ते उचलून नेण्याजोगे नव्हते. घरांचे तसे नव्हते. पाण्याखाली जाणारे घर सोडताना माणूस त्यातील जे निघेल ते काढतो. दाराची चौकट, तुळई, खांब, घडीव दगड, पत्रे, कड्या-कोयंडे हे सारे बैलगाडीत घालून नव्या गावठाणात आणले जाते आणि जुन्या चौकटीभोवती नवी भिंत उभी राहते. अशा घरांत उंबरा जुना आणि फरशी नवी असते. त्या उंबऱ्याला लावलेला प्रत्येक खिळा हा केवळ दुरुस्तीचा खिळा नसतो.

जलाशय होण्याआधीची या भागातील घरे बहुतांशी धाब्याची, म्हणजे माळवदाची होती. लाकडी तुळयांवर किलचे, त्यावर पाला आणि वर मातीचा जाड थर अशी ती रचना असे. माळवद उन्हाळ्यात घर थंड ठेवी, परंतु ते दरवर्षी सेवा मागत असे. मृगाचा पाऊस येण्यापूर्वी जुन्या पांढरीतून चिकट पांढरी माती आणून ती माळवदावर पसरावी लागे, पाण्याला उतार द्यावा लागे, पन्हाळी मोकळी करावी लागे. हे काम एका वर्षी चुकले तर त्याच वर्षी गळती लागे. निसर्गाने घातलेली ही शिस्त होती. सिमेंटच्या स्लॅबने ती शिस्त मोडली. स्लॅब दहा-पंधरा वर्षे काहीच मागत नाही, त्यामुळे आपल्या डोक्यावर छप्पर आहे हेच माणूस विसरतो. मग एके दिवशी छतावर तपकिरी डाग दिसतो आणि घरात धावपळ सुरू होते.

येथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. जुन्या घरातील राखणीचा मोठा भाग स्त्रियांच्या हातून होत असे. अंगण सारवणे, भिंतीला पोतेरा देणे, चूल घालणे, कणगी लिंपणे, फाटक्या लुगड्या-धोतरांतून गोधडी शिवणे ही सारी बांधकामाची, लिंपणकामाची आणि शिवणकामाची कौशल्ये होती. चुलीचे तोंड किती रुंद ठेवले म्हणजे धूर कमी होईल, शेणात माती किती मिसळली म्हणजे सारवण तडकणार नाही, हे ज्ञान अनुभवाने कमावलेले होते. पण त्याला कोणी कारागिरी म्हटले नाही. ते घरकाम या एका शब्दात बुडून गेले. पुढे घरे पक्की झाली, लिंपणाची जागा नळ-विजेने घेतली आणि दुरुस्ती हे पुरुषाचे काम ठरले. ज्या हातांनी अख्खी भिंत उभी ठेवली होती, त्याच हातांना तोटीचे वायसर बदलण्यासाठी कोणाची तरी वाट पाहण्याची वेळ आली. हा बदल कोणी मुद्दाम केला नाही, परंतु त्यात स्त्रियांचे आणि घरांचेही नुकसान झाले.

आज महामार्गाकाठच्या अशा एखाद्या गावातील घर डोळ्यांपुढे आणावे. पुढे दुकान, मागे राहते घर, त्यामागे थोडे परस. मुलगा-सून पुण्यात नोकरीला, मुलगी सासरी. घरात सत्तरी ओलांडलेले पती-पत्नी. दुकान आता अर्धा वेळ उघडते. स्वयंपाकघरातील नळ गळतो. खाली वाटी ठेवलेली असते. देव्हाऱ्याच्या खोलीतील दिवा लुकलुकतो. तो लावणेच बंद होते. मागचे दार नीट लागत नाही, म्हणून ते कायमचे दोरीने बांधले जाते आणि त्याबरोबर परसाकडे जाणेही थांबते. एकेक गोष्ट बंद पडते आणि तिच्याशिवाय राहण्याची सवय होते. चार खोल्यांच्या घरात राहणारी दोन माणसे हळूहळू एका खोलीत येऊन थांबतात. वार्धक्याने जेवढे घर लहान होते, त्याहून अधिक ते अशा न झालेल्या दुरुस्त्यांनी लहान होते. मुलगा दूरध्वनीवर म्हणतो, “बाबा, माणूस बोलवा ना, पैसे मी पाठवतो.” परंतु दहा मिनिटांच्या कामासाठी भिगवणहून माणूस यायला तयार नसतो आणि वडिलांना पुन्हा पुन्हा विनवणे जड जाते. प्रश्न पैशांचा नसतोच.

गळणाऱ्या नळाचेच उदाहरण घ्यावे. साधारणतः वीस थेंबांचे एक मिलिलिटर पाणी होते. सेकंदाला एक थेंब या गतीने दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे सुमारे ४.३ लिटर पाणी जाते. वर्षाचा हिशेब दीड हजार लिटरांच्या वर जातो. पाचशे लिटरांच्या तीन टाक्या भरून वाहिल्यासारखे ते आहे. पाण्याच्या थेंबातही जीव मानून तो गाळून वापरणाऱ्या घराला हा हिशेब अधिकच बोचावा. आणि उपाय किती सोपा! मुख्य कॉक बंद करावा, नळ उघडा ठेवून नळीतील पाणी जाऊ द्यावे, जुन्या पद्धतीच्या नळाचे डोके पान्याने उकलून तळाचे झिजलेले रबरी वायसर काढावे, त्याच मापाचे नवे बसवावे आणि डोके पुन्हा आवळावे. अर्ध्या फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळांत वायसर नसते, आतील संपूर्ण स्पिंडल बदलावे लागते. तेही काम एवढेच आहे. जोडातून पाणी झिरपत असेल तर आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळावी. आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळली तरच नळ बसवताना ती आवळत जाते. उलट गुंडाळली तर उलगडून गोळा होते.

सुट्टीत आलेली शाळकरी नात हे काम आजीबरोबर सहज करू शकते. “आजी, हे फिरतच नाही गं,” असे ती म्हणाली, की आजीने एवढेच सांगावे, “फिरेल बाळ. जोर लावू नकोस, आधी आट्यांवर तेलाचे दोन थेंब सोड आणि जरा थांब.” अडकलेल्या गोष्टीशी झगडू नये, तिला थोडा अवधी द्यावा, हे शिक्षण शाळेच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या एका नळापाशी चांगले मिळते. कूपनलिकेचे पाणी जड असेल तेथे नळाच्या जाळीवर व शॉवरच्या छिद्रांत पांढरा क्षार साचतो. त्याला ठोकाठोकी नको. लिंबाची फोड चोळून, किंवा जाळी काढून लिंबूपाण्यात बुडवून ठेवली की आम्लाने क्षार विरघळतो.

रंगकामाची गोष्टही अशीच विचार करण्याजोगी आहे. चुन्याची सफेदी हे एकेकाळी दिवाळीपूर्वीचे घरोघरचे काम होते. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो उसळतो आणि पाणी उकळू लागते. म्हणून पाणी आधी घ्यावे आणि चुना त्यात थोडाथोडा सोडावा. चुन्यावर पाणी ओतू नये. भांडे धातूचे असावे, मुले दूर असावीत आणि डोळ्यांना चष्मा असावा, कारण चुन्याचा शिंतोडा डोळ्याला कायमची इजा करू शकतो. विरलेला चुना निवल्यावर गाळून, किंचित नीळ घालून भिंतीला दिला, की हवेतील कर्बवायू शोषून तो पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. चुना बोटाला लागू नये म्हणून त्यात चिकट द्रव्य घालण्याची पद्धत आहे आणि येथेच विवेकाची जागा येते. बाजारात त्यासाठी पूर्वी सर्रास मिळणारा सरस हा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनतो. डिंकाचे पाणी किंवा तांदळाची पेज तेच काम करते. कुंच्याचेही तसेच आहे. रंगाचे उंची ब्रश पूर्वापार डुकराच्या राठ केसांचे बनत आले; घायपाताच्या तंतूंचा कुंचा किंवा नायलॉनचा ब्रश घेतल्यास भिंत तितकीच पांढरी होते. काम दुसऱ्यावर सोपवले की हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. स्वतःच्या हातात डबा घेतला म्हणजेच त्यावर काय लिहिले आहे ते वाचले जाते.

ओलीच्या बाबतीत बहुतेक घरांत एक चूक होते. छताला डाग पडला की आतून रंग लावला जातो. पुढच्या पावसात डाग परत येतो, पुन्हा रंग लावला जातो. पाणी ज्या बाजूने येते त्या बाजूनेच ते थांबवावे लागते. उन्हाळ्यात गच्चीवर जाऊन आधी ती झाडून काढावी. पन्हाळीच्या तोंडाशी साचलेली माती व पाने काढली, एवढ्यानेच पुष्कळदा निम्मी गळती थांबते. मग बादलीभर पाणी ओतून ते कोठे थबकते हे पाहावे. जेथे थबकते तेथील भेगा ब्रशने स्वच्छ करून, थोड्या रुंद करून, जलरोधक द्रव्य मिसळलेल्या सिमेंटने भराव्यात आणि ते सिमेंट काही दिवस ओले ठेवावे. भेगेत पिंपळाचे रोप उगवले असेल तर ते बोटभर असतानाच सोडवून कुंडीत किंवा ओढ्याकाठी लावावे. वाढल्यावर त्याची मुळे भिंत फोडतात आणि मग घर किंवा झाड यांपैकी एकालाच राखता येते. वेळेवर केलेले काम अनेकदा दोन्ही बाजूंना वाचवते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

दाराला घाई चालत नाही. पावसाळ्यात लाकूड हवेतील ओल पिऊन रुंदीकडून फुगते आणि दार घासू लागते. तेव्हाच रंधा मारून ते बारीक केले तर उन्हाळ्यात त्याच जागी बोटभर फट पडते. म्हणून घासणाऱ्या कडेला तात्पुरती मेणबत्ती चोळावी आणि दार कोरडे झाल्यावर, तरीही घासत असेल तरच, रंधा घ्यावा. करकरणाऱ्या बिजागरीला शिवणयंत्राचे तेल द्यावे. खोबरेल तेल थंडीत थिजते आणि धूळ धरते. सैल झालेल्या स्क्रूच्या भोकात लाकडाची काडी ठोकून स्क्रू पुन्हा पिळला की तो घट्ट बसतो. भिंतीत खिळा टिकत नसेल तर छिद्र पाडून आधी गिट्टी बसवावी आणि मग स्क्रू पिळावा. कामे लहान आहेत, पण प्रत्येकात एक लहानसे शास्त्र आहे आणि ते समजले की माणसाचा घराकडे पाहण्याचा डोळा बदलतो.

जीवदयेचा विचार करणाऱ्या घरात या शास्त्राला आणखी एक परिमाण मिळते. डास झाल्यावर फवारणी करायची की नाही हा प्रश्न पडण्यापूर्वीच डास होऊ न देणे हा खरा उपाय आहे. अंड्यापासून डास होईपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप, कुंडीखालची ताटली, कूलर, पक्ष्यांसाठी ठेवलेले पाण्याचे पसरट भांडे हे सारे रिकामे करून, पुसून, कोरडे ठेवावे. आरोग्य विभाग ज्याला कोरडा दिवस म्हणतो तो हाच. रोजच्या रोज पाणी बदलले तर अंड्यांतून डास होण्याला वेळच मिळत नाही. टाकीच्या हवेच्या नळीला बारीक जाळी बांधावी. वाळवीचेही तसेच, लाकूड, पुस्तके, धान्याची पोती ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत. आणि पाणी गाळण्याचे गाळणे! ते जाड सुती कापडाचे, दुहेरी असावे, घरीच शिवावे. परंतु नळाच्या तोंडाला आठ-आठ दिवस तेच ओले फडके बांधून ठेवले तर ज्या हेतूने ते बांधले त्याच्या अगदी उलट घडते. गाळणे प्रत्येक वापरानंतर योग्य रीतीने हलक्या हाताने धुवून उन्हात वाळवले, तरच ते व्रत आणि आरोग्य दोन्ही राखते.

परसबागेतही हाच विचार लागू पडतो. कंदमुळे वर्ज्य असली तरी दोन-तीन गुंठे परसात दोडका, घोसाळे, कारले, गवार, शेवगा, लिंबू, कढीपत्ता असा भाजीपाला सुखाने होतो. चातुर्मासात अनेक घरांत पालेभाज्या सोडल्या जातात, तेव्हा मांडवावरचे हे वेलच उपयोगी पडतात. पावसाळ्यात मातीत जीवसृष्टी वाढलेली असते, म्हणून वारंवार खणण्यापेक्षा उसाचे पाचट आणि वाळलेला पाला यांचे आच्छादन घालावे. त्याने तण कमी येते, ओल टिकते, कुदळ कमी चालवावी लागते. उसाच्या या पट्ट्यात पाचट विपुल आहे. ते जाळण्यापेक्षा परसात आणलेले केव्हाही श्रेयस्कर. उन्हाळ्यात रोपाशेजारी न भाजलेल्या चकाकीचे साधे मडके गळ्यापर्यंत पुरून ते पाण्याने भरावे आणि त्यावर झाकण ठेवावे. मडक्यातून पाझरणारे पाणी मुळांना गरजेपुरतेच मिळते. खतासाठी हाडांच्या चुऱ्याऐवजी निंबोळी पेंड आणि घरचे पालापाचोळ्याचे खत पुरेसे आहे. काळ्या जमिनीला पाणी अति झाले की क्षार वर येतात, हे ऊसपट्ट्यातील शेतकरी जाणतोच. परसातील वाफ्यालाही तोच नियम आहे.

स्वतः काम करण्याचे कौतुक करताना त्याची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. विजेच्या कामात दिव्याची नळी किंवा गोळा बदलणे, तोही बटण बंद करून, एवढेच घरच्याने करावे. वायर जळाल्याचा वास, बटणाला झिणझिण्या, पुन्हा पुन्हा पडणारा एमसीबी ही धोक्याची सूचना आहे; तेथे जाणकार वायरमनच हवा. घरात ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवून घेणे हा सर्वांत मोलाचा खर्च समजावा. गॅसचा वास आला की आधी रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि कोणत्याही विजेच्या बटणाला हात लावू नये. शिडी भिंतीला लावताना दर चार फूट उंचीला एक फूट या प्रमाणात तिचा पाय भिंतीपासून दूर असावा आणि खाली धरायला एक माणूस असावा. सत्तरीच्या माणसाने स्टुलावर चढू नये. यात कमीपणा नाही. शौचालयाच्या टाकीत किंवा बंद खड्ड्यात स्वतः उतरू नये आणि दुसऱ्या गरजू माणसालाही उतरवू नये. तेथील विषारी वायूने क्षणात प्राण जातात आणि संरक्षक साधनांशिवाय असे काम करवून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. जो जीव आपण आपल्या बोटाने मुंगी बाजूला सारून वाचवतो, तो जीव दुसऱ्याच्या मजुरीच्या आडून धोक्यात घालता येत नाही.

येथे एक रास्त शंका निघू शकते. प्रत्येकाने आपले काम आपणच केले तर कारागिराने जगावे कसे? पूर्वी बलुतेदारीत सुतार, लोहार, कुंभार यांना वर्षाच्या धान्यात वाटा मिळे. त्या व्यवस्थेत कारागिराची पोटगी होती तशी त्याच्यावरची अवहेलनाही होती. आज तो वाटा गेला आणि गावातील सुताराचा मुलगा बहुधा शहरात फर्निचरच्या कारखान्यात असतो. वस्तुस्थिती अशी, की किरकोळ कामाला कारागीर मिळत नाही आणि मोठ्या कामाला त्याला योग्य दाम मिळत नाही. ज्याने स्वतः एकदा दार उतरवून पुन्हा बसवले आहे, त्याला त्या कामातील कष्ट ठाऊक असतात. तो सुताराशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करीत नाही. त्याच्या उन्हातील दुपारला पाणी विचारतो, त्याचे सांगणे ऐकतो. स्वतः काम करण्याचा खरा लाभ पैसे वाचण्यात नाही. दुसऱ्याच्या कामाची किंमत कळण्यात आहे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन कुटुंबात १८८७ मध्ये जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र तिच्या मुळाशी ठेवले. त्यांच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करीत. त्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने दिले. ते वसतिगृह चालले ते केवळ देणग्यांवर नव्हे. मुलांच्या हातावरही ते चालले. १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना देशापुढे मांडली. याच इंदापूर तालुक्यात सोलापूरच्या जैन घराण्यातील वालचंद हिराचंद यांच्या नावाने वालचंदनगर वसले आणि तेथे साखर कारखान्याबरोबर यंत्रसामग्री घडवणारा उद्योगही वाढला. व्यापारी समाजाने तराजूबरोबर पानाही हाती धरला, याची ही साक्ष आहे. आज मात्र अनेक सुशिक्षित घरांत हाताचे काम म्हणजे कमी दर्जाचे काम, अशी समजूत नकळत रुजली आहे. मुलाला लाखो रुपयांचे शिक्षण मिळते आणि सैल झालेली कडी घट्ट करता येत नाही. हा त्याचा दोष नव्हे. त्याच्या हातात कोणी पेचकस दिलाच नाही.

म्हणून वडीलधाऱ्यांसाठी पैसे पाठवणाऱ्या मुलांनी वर्षातून दोनदा, मृगापूर्वी आणि दिवाळीपूर्वी, दोन दिवस गावच्या घरासाठी राखून ठेवावेत. त्या दिवसांत पाहुण्यासारखे न बसता आई-वडिलांबरोबर घरातून एक फेरी मारावी. कोणते दार उघडत नाही, कोणता दिवा लागत नाही, कोठे चढताना धरायला कठडा नाही, न्हाणीघरात पाय कोठे घसरतो, हे विचारावे. बहुतेक वेळा आई म्हणेल, “असू दे रे, आमचं चाललंय.” त्या ‘चाललंय’वर विश्वास ठेवू नये. मुलगी असो वा मुलगा, नातवंडांना बरोबर घ्यावे. पाना, पकड, पेचकस, हातोडी, टेस्टर, टेफलॉन टेप, दोन-तीन मापांची वायसरे, थोडे स्क्रू आणि गिट्ट्या, तेलाची कुपी एवढे एका डब्यात भरून तो डबा सहज हाती येईल अशा जागी ठेवावा. डब्यात एक लहान वही असावी. मुख्य कॉक कोठे आहे, कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा, गच्ची शेवटची कधी दुरुस्त केली, विश्वासू वायरमनचा व गवंड्याचा क्रमांक काय, हे तिच्यात मोठ्या अक्षरात लिहावे, म्हणजे रात्री-अपरात्री चष्मा न सापडताही वाचता येईल.

दोन दिवसांत सारे घर नवे होणार नाही आणि तशी गरजही नाही. मागचे दार मोकळे झाले, परसाकडे जाणारी वाट झाडली गेली आणि कारल्याच्या वेलाला मांडव मिळाला, एवढे झाले तरी त्या घरातील दोन माणसांना आपले गेलेले अंगण परत मिळते. सकाळी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांनी पुन्हा त्या दारातून बाहेर पडावे, यासाठी लागणारा खर्च म्हणजे एक मेणबत्ती, तेलाचे चार थेंब आणि आपल्या माणसाची एक दुपार.